घुसखोर आधी आपल्या कुंपणात शोधा

“रात्री ७ मेगाहर्ट्झच्या हॅम बँडवर परदेशी स्टेशन ऐकू आले, की ते घुसखोरच. भाषेवरून देश ओळखा, फिरत्या अँटेनाने दिशा पक्की करा आणि सगळे मिळून त्याच फ्रिक्वेन्सीवर कॅरियर (नुसती, बिनआवाजाची रेडिओलहर) सोडून त्याला पळवा.” हा मेसेज हॅम, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींत इतका फिरला, की कळमेश्वरच्या पुढे, संत्र्याच्या बागेत राहणाऱ्या माझ्या शेजारच्या काकांनीही विचारले, “काऊन गा, तुया रेडूत चीन बोलते म्हन्ते?”

घुसखोरी होत नाही, असे माझे म्हणणे नाही. आपल्या भागात ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ हा पट्टा हॅमचा. प्रसारण केंद्रांनी ७१०० च्या वरचा तुकडा २९ मार्च २००९ पर्यंत सोडायचा होता. तरी सोमालिलँडचे रेडिओ हर्गेसा ७१२० वर आणि एरिट्रियाचे केंद्र ७१४० नि ७१८० वर वर्षानुवर्षे नोंदले गेले आहे. पण ७२१० वर स्टेशन ऐकून बोंब मारणाऱ्याने फ्रिक्वेन्सी-वाटपाचा तक्ता उघडावा. ती जागा आपल्याकडे प्रसारणाचीच आहे.

भाषेवरून देश? जर्मनीचे डॉइच वेले कित्येक वर्षे श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीहून बोलत होते. निवेदक एकीकडे, टॉवर दुसरीकडे.

दिशेचेही तसेच. ७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ४० मीटरच्या, बँडला अर्धी तरंगलांबी २० मीटर; एवढी फिरती अँटेना खेड्यात कोण उभारतो? लूप (तारेच्या कड्याची छोटी अँटेना) परवडतो, पण तो समोरचे आणि पाठीमागचे सारखेच दाखवतो, आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून, उतरणाऱ्या सिग्नलला त्याचा नल (आवाज सर्वांत कमी होतो ती दिशा) धड सापडत नाही. त्यापेक्षा मोबाइलवर किवी एसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारे रिसीव्हर, उघडा. जगभरच्या या रिसीव्हरांना जीपीएसचे घड्याळ असते. रेडिओलहर १ मिलिसेकंदात ३०० किलोमीटर जाते, त्यामुळे तीन-चार ठिकाणी ती किती पुढेमागे पोचली यावरून टॉवरचा मुलूख कळतो.

कॅरियर सोडण्याबद्दल काय बोलावे! आपले १०० वॅट, समोर १०० किलोवॅट. शिवाय मुद्दाम अडथळा आणला तर लायसन्स आपलेच जाईल. वेळ, फ्रिक्वेन्सी आणि रेकॉर्डिंग आयएआरयू या हॅमच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मॉनिटरिंग सिस्टीमला कळवावे.

आता मुख्य गफलत: ऐकू आले म्हणजे ते तिथे आहेच. घरी जोडलेल्या डायरेक्ट कन्व्हर्जन (सिग्नल थेट आवाजात बदलणाऱ्या साध्या) सेटमध्ये जोरकस एएम स्टेशन सरळ घुसते. बटण कितीही फिरवा, गाणे तेच. खऱ्या कॅरियरची शिटी बटणाबरोबर चढते-उतरते. चांगल्या सेटवर १० डेसिबलचा अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा भाग, लावून पाहा. खरा सिग्नल १० नेच उतरेल. दोन जोरकस स्टेशनांतून सेटने स्वतः बनवलेले खोटे स्टेशन, म्हणजे तिसऱ्या ऑर्डरचे भूत, ३० ने कोसळेल.

आणि सेट निर्दोष असला तरी? मला ३५१० वर नागपूर आकाशवाणी ऐकू यायची. ५८५ गुणिले ६ बरोबर ३५१०, म्हणजे सहावी हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीची सहापट). मी लगेच केंद्राला दोष देऊन मोकळा झालो, तक्रारीचा कागदही लिहिला. मग लाइट गेली. फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीवर सेट लावला. गावातली खरखर गेली, नागपूर तसेच. म्हणजे घरातल्या चार्जरांचा हात नव्हता. सेट घेऊन बांधाबांधाने निघालो तर तुरीच्या धुऱ्याजवळ आवाज वाढला. रानडुकरांसाठी ओढलेल्या तारेचा एक जोड पार गंजला होता. गंजलेला जोड डायोडसारखा वागतो: लांब तार सिग्नल पकडते, जोड त्याच्या हार्मोनिक बनवतो आणि तीच तार त्या परत हवेत सोडते. झटका मशीन बंद करून कोरड्या काठीने जोड हलवला, तसे गाणे तुटले, परत लागले.

जोड कापून, तार घासून नवीन पीळ मारला. ३५१० वर आता नुसती सळसळ आहे, आणि तक्रारीचा कागद मी काकांना चहाखाली ठेवायला दिला.