लुटा, पण वाजवून!

लॉस एंजेलिसमध्ये घर घेतलं की लास वेगासची फुकट टॅक्सी-सेवा आपोआप सुरू होते. भारतातून कुणीही येवो, आधी डिस्नेलँड, मग वेगास. चारशेहून जास्त किलोमीटर वाळवंट, डिकीत चिवडा आणि दशम्या. वाटेत बेकर गावात १३४ फुटी थर्मामीटर लागतो, कारण १९१३ साली जवळच्या डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट नोंदलं गेलं. प्रत्येक पाहुणा त्याच्यासमोर घाम पुसत फोटो काढतो आणि म्हणतो, "आमच्या चंद्रपूरला या एकदा."

यंदा काका-काकूंचा नंबर होता. काका बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे पैसा या वस्तूबद्दल मतं पक्की. त्यांना वेगास नको होतं, जुनं वेगास हवं होतं. तरुणपणी रद्दीतून आणलेल्या एका अमेरिकन मासिकात सँड्स हॉटेलच्या पाटीखाली उभे असलेले फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन आणि सॅमी डेव्हिस ज्युनिअर त्यांनी पाहिले होते. गाणी नंतर ऐकली. आधी सूट आवडले.

"सँड्स कुठाय?"

"इथंच होतं. १९९६ मध्ये स्फोटानं उडवलं."

"आणि हे काय?"

"व्हेनिस."

काकांनी वर पाहिलं. छताला रंगवलेलं आकाश, खाली कालवा, कालव्यात नाव, नावेत गाणारा नावाडी, आणि भर दुपारी संध्याकाळ. "याच्यासाठी पाडलं?" या गावाला इमारत पाडायचाही सोहळा लागतो. २०२४ च्या ऑक्टोबरात ट्रॉपिकाना पाडलं ते आतषबाजी करून. आमचा सदाशिव पेठेतला वाडा पाडायची वेळ आली, तेव्हा निदान भाडेकरू कोर्टात तरी गेले होते.

पाहुणा हळहळू लागला की यजमानालाही हळहळावं लागतं. मी सांगितलं, सहारा हॉटेलच्या लाउंजमध्ये १९५४ पासून लुई प्रिमा आणि कीली स्मिथ मध्यरात्री गायला सुरुवात करायचे ते पहाटेपर्यंत. एल्व्हिसनं १९६९ ते १९७६ एकाच हॉटेलात ६३६ प्रयोग केले, हाउसफुल्लची पाटी न उतरवता. काका डोळे मिटून ऐकत होते.

"तेव्हा आपल्याला आत घेतलं असतं का रे?" काकूंनी विचारलं.

काकूंचे प्रश्न असेच असतात. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सॅमी डेव्हिसनं या स्ट्रिपवर, म्हणजे बड्या हॉटेलांच्या रस्त्यावर, गायचं, टाळ्या घ्यायच्या, पण खोली मिळायची नाही. झोपायला गावाच्या पश्चिमेकडच्या कृष्णवर्णीय वस्तीत जायचं. १९६० च्या मार्चमध्ये मोर्चा काढू अशी धमकी मिळाल्यावर हॉटेलवाले वठणीवर आले. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे मला साठनंतरचं जुनं वेगास हवंय."

साठनंतरच्या वेगासचं जे काही उरलंय ते फ्रीमॉण्ट स्ट्रीटवर फिरत होतं. एल्व्हिसचे तोतये. एक पोट सुटलेला, एक बारीक, आणि एक बहुधा फिलिपिनो. काकांनी त्यातल्या पोटवाल्याबरोबर फोटो काढला. एल्व्हिसनं हात पुढे केला. काकांनी तो हातात घेऊन मनापासून हलवला. एल्व्हिसनं तो पुन्हा पुढे केला.

खरी पंचाईत मात्र जुगाराच्या मशीनची. काकांना आधी स्ट्रिपवरच बसवलं होतं. वीस डॉलरची नोट मशीननं गिळली, पडद्यावर रेडे धावले, सोनं उसळलं, वाद्यं वाजली, आणि एवढ्या जल्लोषानंतर शिल्लक तीन डॉलर चाळीस सेंट. बटण दाबल्यावर कागदाचा कपटा बाहेर आला. "एटीएमची पावती?" काका म्हणाले. "पैसे कुठायत?" मी मशीनमधल्या इलेक्ट्रॉनिक चिपचं काम समजावलं, की बटण दाबलं त्या क्षणीच निकाल लागलेला असतो, पुढची धावपळ नुसती आपल्यासाठी. त्यावर ते जास्तच चिडले. हरण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. लुटायचं तर लुटा, पण वाजवून लुटा, एवढंच म्हणणं.

शेवटी १९४१ सालच्या एल कोर्टेझमध्ये नेलं. तिथं एका भागात तेव्हाही नाण्यांची मशीनं ठेवलेली होती. चेरी, लिंबू, 'बार'. मी लगेच व्याख्यान सुरू केलं: जुगारबंदीच्या काळात ही मशीनं च्युइंगम विकण्याचं सोंग करायची, फळं म्हणजे गमचे स्वाद आणि 'बार' हा गमवाल्यांचा शिक्का. काकू म्हणाल्या, "मग आता गम का देत नाहीत?" आणि दांडा ओढला.

चक्रं डावीकडून एकेक थांबतात. खट्. खट्. आणि तिसरं थांबायच्या आधी जी फट राहते तिच्यात काकूंनी कुलदैवत, ग्रामदैवत आणि शेगाव उरकलं. मग स्टीलच्या ताटलीत क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, कोसळायला लागले. ताटली मुद्दाम धातूची, म्हणजे जिंकल्याचं सगळ्या हॉलला कळावं. हरणाऱ्यांचा आवाज कधीच होत नाही, हा या धंद्याचा पाया. काका कोसळणाऱ्या नाण्यांकडे असे बघत होते की चाळीस वर्षांची नोकरी आत्ता कुठे फळाला आली. दोघांची बोटं काळी झाली. काकूंनी पर्समधून ओला रुमाल काढला, आधी नाणी पुसली, मग बोटं.

तेवढ्यात मशीन थांबलं. वरचा दिवा लुकलुकायला लागला. पोटातली नाणी संपली होती. एक बाई आल्या, म्हणाल्या, उरलेले नोटांत देते. काका म्हणाले, नाणीच हवीत. दुभाषा मी. बाईंनी खांदे उडवले, पिशवी आणून मशीन भरलं, आणि ते राहिलेलं ओकून मोकळं झालं.

सगळी नाणी प्लॅस्टिकच्या बादलीत भरून आम्ही केजवर, म्हणजे कॅसिनोच्या कॅश काउंटरवर, गेलो. तिथल्या मुलीनं ती मोजायच्या यंत्रात ओतली, घरघर झाली, आकडा उमटला, तिनं नोटा पुढे सरकवल्या. काकांनी नोटांना हात लावला नाही.

"तिला म्हणावं, परत मोज."

"काका, मशीननं मोजलेत."

"म्हणून तर म्हणतोय!"