हाई घर शे का दवाखाना?

नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमची खानदेशी देवी कानबाई घरात बसणार, आणि त्याआधी घर माळ्यापासून मोरीपर्यंत धुवून निघणार. खानदेशातल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. रंग, डबे, गोधड्या, पितळी भांडी, सगळं त्याच आठ दिवसांत.

तीन वर्षांपूर्वी ह्याच धांदलीत मी बाथरूमच्या फरशीवर ॲसिड ओतलं. डाग निघेना म्हणून वरून ब्लिचिंग पावडर टाकली. दार लोटलेलंच होतं. क्षणात डोळ्यांतून पाणी, घशात आग, खोकला थांबेना. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, हे नंतर लेकाकडून कळलं. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "काय करी ऱ्हायनी व माय? हाई घर शे का दवाखाना?"

तेव्हापासून घरात ॲसिडची बाटली नाही.

आपल्याकडे खरा त्रास आहे तो बोअरच्या पाण्याचा. नळ, बादल्या, टाइल्स, सगळीकडे पांढरे थर. तो क्षार म्हणजे मुख्यतः चुनाच, आणि चुन्याला आंबट पुरतं. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे घालायचं, जुन्या धोतराचा तुकडा त्यात भिजवून नळाला गुंडाळायचा आणि अर्धा तास स्वयंपाकाला लागायचं. थर मऊ होतो, फारसं घासावं लागत नाही. पण कडप्प्याच्या ओट्यावर किंवा शहाबादी फरशीवर हे पाणी सांडू देऊ नका. ते दगड चुनखडीचेच, लिंबाने त्यांची चमक जाते. माझ्या ओट्यावर एक पांढुरका गोल डाग आहे, तो ह्याच शिक्षणाची फी.

चुलीमागचा तेलकटपणा आंबटाने हलत नाही. शेवभाजीची तर्री उडालेल्या टाइल्सना गरम पाणी आणि धुण्याचा सोडा लागतो. हातात मोजे घाला, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्याला तो लावू नका, काळं पडतं. व्हिडिओत सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढून दाखवतात ना, ती नुसती गंमत. एक आम्ल, एक अल्कली. दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळपास खारट पाणी. वेगवेगळे वापरा.

बायोएन्झाइमही केलं मी, म्हणजे फळांच्या साली आंबवून होणारं सफाईचं पाणी. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. फरशी पुसायला बरं आहे. पण ऐन मे महिन्यात बाटलीचं झाकण उघडायला दोन दिवस विसरले आणि ते छताला जाऊन लागलं.

आता ज्यावर मला खरं बोलायचंय ते. "आपल्या आज्या राखेने भांडी घासायच्या, कुठे होतं प्रदूषण?" अशा पोस्टी दर आठवड्याला येतात, आणि लिहिणारे बहुतेक पुरुष असतात. चोपड्याकडे माझी मोठी माय राखेनेच घासायची. हिवाळ्यात तिच्या बोटांच्या भेगांत आई रात्री गोडेतेल भरायची, ते मी पाहिलंय. ती राख मला परत नको. जिथे भिजवून, उन्हात टाकून किंवा वाट पाहून काम होतं, तेवढंच जुनं मी घेतलं. गोधड्यांना आपलं ऊन आहे, एप्रिल-मेमध्ये फुकट आणि वाटेल तेवढं. वेलीवर वाळू दिलेल्या गिलक्याची जाळी भांडी घासायला आहे. प्लॅस्टिकच्या घासणीसारखे तिचे तुकडे नाल्यात जात नाहीत. आमच्या कॉलनीत सेप्टिक टँक आहेत, त्यातले जिवाणू जगले तर टँक चालतो. रोज फिनाइल-ॲसिड ओतणारे तुंबला की टँकर बोलावतात.

यंदा कानबाईचा तांब्याचा कलश चिंच लावून ठेवलाय. तो धुवायचं काम मी घरातल्या दोन्ही पुरुषांवर सोपवलंय. लेक धुऊन मोकळा झाला. त्याचे पप्पा अजून विचारताहेत, चिंच आधी भिजवायची की कलश.