तिसरीतल्या हमालासाठी दप्तर निवडताना

जून तोंडावर आला की दादरच्या रानडे रोडवर छत्र्या, रेनकोट आणि दप्तरं एकाच दोरीला लटकू लागतात. तुम्ही घामाघूम होऊन तिथे पोचालच, तेव्हा आधीच सांगून ठेवते. मुलाला सोबत न्यायचं ते फक्त चित्र निवडायला. बाकीचं त्याला काय कळतंय? पाठ तेवढी त्याची.

दप्तर वाढत्या अंगाचं घ्या. कंबरेच्या खाली लोंबलं पाहिजे, चालताना पोटऱ्यांना लागलं तर उत्तम; सातवीपर्यंत पुरेल. (चेन दिवाळीतच जाईल, पण ते वेगळं.) कप्पे भरपूर हवेत, कारण रिकामा कप्पा कुठल्याही आईला बघवत नाही. रिकाम्या दप्तराचं वजन विचारू नका. दुकानदार ते गोवर्धनासारखं करंगळीवर उचलून दाखवतो, तेवढ्यावर समाधान माना.

चाकांचं दप्तर दिसलं तर सोडू नका. आपले फुटपाथ त्यासाठीच बांधलेत. एक पेव्हर ब्लॉक वर, एक खाली, पुढे खोदकाम, मग डबकं. चाकं चिखलात रुतली की मूल दप्तर पाठीवर घेतं, म्हणजे पुस्तकांसोबत चाकं आणि दांडाही उचलतं. शाळेचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट फक्त शिक्षकांसाठी असेल, तर व्यायामाच्या तासाची वेगळी गरज नाही.

आता थोडं कायद्याचं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं, असं आपल्या राज्य सरकारने २०१५ मध्ये सांगितलं. केंद्राच्या २०२० च्या धोरणातही तेच आहे, शिवाय तक्ता आहे: पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५ किलो. बालवाडीला तर दप्तरच नको म्हणतात, म्हणजे फोटो कशाचे काढायचे? पण घाबरू नका. नियमात दोन आकडे आहेत आणि लोक उगाच दप्तराच्याच मागे लागतात. पाच किलोचं दप्तर कायदेशीर व्हायला मूल पन्नास किलोचं हवं, एवढंच. रोज दोन वडापाव आणि वरणावर सढळ हाताने तूप, वर्षभरात नियम पाळला जाईल.

भरताना वेळापत्रकाकडे ढुंकूनही पाहू नका. बाईंनी अचानक भूगोल काढला तर? सगळं असू दे. ‘असू दे’ म्हणत भरलं की दप्तर आपोआप भरतं. २०२३ मध्ये बालभारतीची पुस्तकं चार भागांत आली, मध्ये कोरी पानं घालून, की एका वेळी एकच भाग न्यावा आणि वह्या घरी ठेवाव्यात. आपण काय केलं? चारही भाग भरले, वर वह्याही भरल्या. कोरी पानं कोरीच राहिली. २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. सरकार येईल-जाईल, आपलं दप्तर हललं नाही.

पाण्याची बाटली एक लिटरचीच हवी, आणि स्टीलची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, बाटली वेगळी. दुसरीतल्या मुलाच्या वाट्याच्या वजनातलं निम्मं तिथेच संपलं. शाळेने पिण्याचं चांगलं पाणी द्यावं, म्हणजे बाटली न्यावी लागणार नाही, असंही केंद्राचं ते धोरण म्हणतं. म्हणू दे. बाटली डाव्या कप्प्यात ठेवा आणि मूल डावीकडे झुकू लागलं की उजवीकडे दुसरा डबा ठेवून तोल साधा. जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात असं डॉक्टर सांगतात. त्यांना डबा सांडल्यावर काय होतं ते माहीत नसावं.

रेनकव्हर मात्र सर्वांत तळाशी, परीक्षेचं पॅड आणि गेल्या वर्षीच्या पेन्सिलींच्या सालपटांखाली. परळला पावसाने गाठलं की ते काढण्यासाठी सगळी पुस्तकं आधी बाहेर भिजवावी लागतात, पण एकदा कव्हर चढलं की आतलं पाणी बाहेर जाण्याची भीती नाही.

यात नवीन काही नाही. ‘मालगुडी डेज’चे लेखक आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेतलं आपलं पहिलंच भाषण दप्तराच्या ओझ्यावर केलं. १९९३ मध्ये याच ओझ्यावर नेमलेल्या यशपाल समितीचा अहवाल आला. ज्या मुलांसाठी हे सगळं चाललं होतं ती आज चाळिशी ओलांडून गेली आहेत, आणि कंबरेला पट्टा बांधून रानडे रोडवर जास्त कप्प्यांचं दप्तर मागत आहेत.

राहता राहिली तपासणी. ‘उद्या साहेब वजनकाटा घेऊन येणार’ हा निरोप पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आदल्या रात्री येतोच. त्या दिवशी दप्तरात एक वही आणि डबा ठेवा. उरलेलं सगळं कापडी पिशवीत भरून आजोबांच्या हातात द्या; साहेबांची गाडी वळली की त्यांनी ती गेटवर पोचती करायची. पिशवीवर नाव, इयत्ता, तुकडी ठळक लिहा. गेटवर तेव्हा वर्गातल्या सगळ्यांचेच आजोबा उभे असतात, आणि पिशव्या सगळ्या एकाच साडीच्या दुकानाच्या.