लाईन का तोडली, ते सगळ्यांसमोरच सांगतो

नमस्कार साहेब, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण आमची इंटरनेट लाईन घेऊन तुम्ही पुढे सर्व्हर भाड्याने देता, आणि लिहिलंय की आम्ही न सांगता लाईन तोडली, आणि तुमचे क्लायंट सर्व्हरवर काय करतात ते बघणं इंटरनेटवाल्याचं कामच नाही, म्हणून इथेच उत्तर देतो.

न सांगता कसं म्हणता? पहिली मेल केली तेव्हा तुमच्या १८ नंबरच्या आयपीवर (म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावर) एका बँकेचं खोटं केवायसी पान चालू होतं, लोगोसकट, ओटीपी टाकायची जागा पण. तुम्ही ती मेल जशीच्या तशी त्याच क्लायंटला फॉरवर्ड केलीत, त्याने दोन दिवसांत पान १९ वर हलवलं, नंतर २१ वर. तिसऱ्या मेलला तुमचं उत्तर काय, तर "आम्ही फक्त जागा भाड्याने देतो". बरं, क्लायंटचं नाव विचारलं तर एक टेलिग्राम आयडी पाठवलात! सर्ट-इनचा, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, २०२२ चा नियम आहे ना, व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) देणाऱ्याने ग्राहकाचं नाव-पत्ता तपासून ५ वर्षं ठेवायचा, तो तुम्हालाच लागू आहे.

तोवर स्पॅमहाऊसच्या लिस्टमध्ये (त्यात नाव आलं की जगभरचे मेल सर्व्हर त्या पत्त्यावरची मेल नाकारतात) आधी एक आयपी होता तो वाढत वाढत आमचा २५६ आयपींचा अख्खा ब्लॉक गेला आणि त्याच ब्लॉकमध्ये एक सीए ऑफिस आहे, जीएसटी भरायची शेवटची तारीख जवळ आलेली आणि त्यांची प्रत्येक मेल बाउन्स, त्यांना मी काय सांगू, की हे बघणं माझं काम नाही?

दुसऱ्याने एका दिवसात लाईन दिली असं अभिमानाने लिहिलंय. २००८ मध्ये अमेरिकेत सॅन होजेला मॅककोलो नावाची होस्टिंग कंपनी होती, जगभर स्पॅम पाठवणारे बॉटनेट, म्हणजे व्हायरसने ताब्यात घेतलेल्या कॉम्प्युटरांची जाळी, तिच्या सर्व्हरवरून चालायचे. ११ नोव्हेंबरला ग्लोबल क्रॉसिंग आणि हरिकेन इलेक्ट्रिकने तिची लाईन काढली आणि जगातला स्पॅम एकदम निम्म्याच्या आसपास आला, पोलीस नाही कोर्ट नाही, फक्त तिला लाईन देणाऱ्या दोघांनी वायर काढली. पण चारच दिवसांत तिसऱ्या कंपनीकडून तिला काही तास लाईन मिळाली, आणि तेवढ्यात एका बॉटनेटने नवा पत्ता घेऊन रशियातल्या सर्व्हरवर बस्तान हलवलं. तुमच्या नवीन लाईनवाल्याला हे माहीत आहे का, एकदा विचारा.

आता आमची चूक. फक्त मेलवर विसंबलो, फोन करायला हवा होता. आणि शुक्रवारी संध्याकाळी वैतागून तुमच्याकडचे सगळेच आयपी बंद केले, त्यात तुमच्याकडच्या एका शाळेचं फी भरायचं पोर्टल पण गेलं, त्या बिचाऱ्यांचा काय संबंध. तेवढं चुकलंच, त्यांची माफी मागतो.

उरलेल्या दिवसांचे पैसे आणि डिपॉझिट, दोन्हीचा चेक तयार आहे. येताना आमचा मीडिया कन्व्हर्टर (लाईन जोडायचा तो डबा) तेवढा घेऊन या.