आग विझली, धुराचं काय?

जहाजावरच्या इलेक्ट्रॉनिक्स कक्षातल्या आगीवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण आत गॅस भरून ती कशी विझवायची, यावरच सगळा भर दिलाय. खरी गोम केबलच्या आवरणात आहे. साधं पीव्हीसी जळालं की हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि ओलावा मिळाला की त्याचं आम्ल होतं. समुद्रावर ओलाव्याला काय तोटा! मी वाळूज एमआयडीसीत पॅनल वायरिंग करतो. आग लागून गेलेल्या पॅनलशेजारचं, झळही न लागलेलं कपाट उघडलं की तारा जोडायच्या टर्मिनलवर या आम्लाने आलेली हिरवट पूड दिसते. त्यातली इलेक्ट्रॉनिक कार्डं पुढे कधी दगा देतील, नेम नाही. शिवाय धूर झाला की इथे माणूस शेड सोडून बाहेर तरी पळतो, जहाजावर जाणार कुठे? म्हणूनच तिथे कमी धुराची, हॅलोजनविरहित (म्हणजे आवरणात क्लोरीनसारखे घटक नसलेली) केबल हवी. आमच्याकडे तिचं नाव काढलं की गिऱ्हाईक आधी भाव विचारतं, ते सोडा.

दुसरं म्हणजे भिंती. जहाजावरची ए-६० दर्जाची आगरोधक भिंत एका बाजूला आग असताना ६० मिनिटं पलीकडच्या बाजूचं सरासरी तापमान १४० अंश सेल्सिअसहून जास्त वाढू देत नाही. पण केबलसाठी पाडलेल्या भोकात कुणी साधा फोम कोंबला, तर आग तिथूनच पलीकडे जाणार. पुढच्या भागात ही भोकं कशी बुजवायची, यावर सविस्तर लिहा.