पोराला भाषा येऊ नये म्हणून घ्यायची काळजी

तर तुमचं पोर यंदा सहावीत गेलं. अभिनंदन! आता पुढची तीन वर्षं फार महत्त्वाची, कारण आत्तापर्यंत ते नुसतंच वाचत होतं, हाताला लागेल ते, जेवताना, पांघरुणात, अभ्यासाच्या पुस्तकाच्या आत लपवून, आणि वाचता वाचता एकटंच हसायचं वगैरे. हे मोकाट वाचन वेळीच आटोक्यात आणलं नाही तर पुढे जड जातं. सुदैवाने शाळेत भाषेचा तास असतो आणि सहावी ते आठवीत हे काम तिथे अगदी पद्धतशीर होतं, तुम्ही फक्त घरून साथ द्यायची.

पहिलं म्हणजे कविता वाचून तुला काय वाटलं असलं काही विचारत बसू नका. काय वाटायचं ते गाईडात छापलेलं असतं. पेपरात प्रश्न येतो, "या ओळींतून कवीला काय सांगायचे आहे?" आणि एखादी पोरगी लिहून मोकळी होते की कवीला अंधाराची भीती वाटतेय पण तो कबूल करत नाहीये. बरं, कवितेत खरंच तसं असतं. पण तिच्या उत्तराखाली लाल रेघ आणि शेजारी अर्धा मार्क, कारण नमुना उत्तरात आहे "कवीने रात्रीचे मनोहारी वर्णन केले आहे". हे 'मनोहारी वर्णन' तेवढं पाठ करून घ्या, पाऊस असो, पक्षी असो, नदी असो, कुठेही चालतं. (युद्धाच्या कवितेत नको, तिथे 'देशप्रेम जागवले आहे', एवढं तारतम्य पोराला हवंच.)

मग अलंकार. सम, समान, सारखा, परी दिसलं की उपमा आणि जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा, ओळ वाचायचीसुद्धा गरज नाही, तेवढा शब्द हुडकायचा आणि पुढे पळायचं. अडचण एकच, पोरं हे अलंकार घरात वापरायला लागतात. "बाबा, तुम्ही मोबाईल हातात घेतला की जणू भिंतच होता" असं पोरगं म्हणालं तर ती उत्प्रेक्षा आहे आणि चांगली जमलेली आहे, पण तिला मार्क नाहीत. तेव्हा उलट बोलतोस का म्हणून आधी गप्प करा आणि "तिचे मुख जणू चंद्रच" हे उदाहरण वहीत पाच वेळा लिहायला बसवा, त्याने आयुष्यात कोणाचं मुख चंद्रासारखं पाहिलं नसलं तरी.

प्रयोगांवर मात्र खरंच मेहनत घ्या, कारण अख्ख्या व्याकरणात पुढे नोकरीत उपयोगी पडणारा भाग हाच. कर्तरी, कर्मणी, भावे हे तीन तर झालेच, पण खरा हिरा म्हणजे कर्मकर्तरी, ज्याला नवीन कर्मणी पण म्हणतात. "मी काच फोडली" असं सरळ सांगणारं पोर तुमच्या घरात असेल तर ते अजून कच्चं आहे समजा. "काच फोडली गेली" इथपर्यंत ते आलं की निम्मं काम झालं, आणि "खेळादरम्यान काच फुटल्याचे निदर्शनास आले" असं बोलायला लागलं की त्याला मोठेपणी कुठलंही ऑफिस डोळे झाकून घेईल, सगळ्या नोटिसा, खुलासे, चौकशीचे अहवाल ह्याच थाटात लिहिले जातात आणि कर्ता कोण ते शेवटपर्यंत कोणाला कळत नाही.

एक गोष्ट तेवढी पोराच्या कानावर पडू देऊ नका. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण आलं १८३६ साली आणि ज्ञानेश्वरी आहे १२९०ची. म्हणजे मधली साडेपाचशे वर्षं लोकांनी ओव्या, अभंग, लावण्या, पोवाडे, काय वाट्टेल ते रचलं आणि एकालाही गाळलेल्या जागा भरायला लागल्या नाहीत. हे कळलं की पोरं प्रश्न विचारायला लागतात.

वृत्तांचंही तेच. शार्दूलविक्रीडित म्हणजे अक्षरं १९ आणि गण (लघु-गुरू अक्षरांचे तीन-तीनचे गट) म स ज स त त आणि शेवटी एक गुरू ग, बास! ते मोठ्याने म्हणून दाखवू नका, चाल कानात बसली की गण आपोआप समजतात आणि मग पाठांतर कशाचं करायचं.

निबंधात सगळ्यात सेफ म्हणजे आत्मवृत्त. मोडकी खुर्ची, फाटकं पुस्तक, तुटकी छत्री, कोणीही बोलू शकतं, फक्त बोलायचं एकच. आधी माझे वैभवाचे दिवस होते, मग माणसाने मला अडगळीत टाकले, तरी माझी कोणाबद्दल तक्रार नाही, फक्त इतरांना तरी जपा. पोराच्या खुर्चीने रागावून "ज्याने माझा पाय मोडला त्याला मी पाडलं आणि मला मजा आली" असं म्हटलं तर वाचणाऱ्याला मजा येते हो, पण मार्क कापले जातात. आणि त्याच पेपरात पुढे उताऱ्याचा सारांश एक तृतीयांश शब्दांत, म्हणजे आधी पाणी घालायचं आणि नंतर आटवायचं, आणि दोन्ही वेळेला पोर पेन्सिलीने शब्द मोजत बसतं, अर्थबिर्थ बघायला वेळ कोणाला आहे.

राहिलं पत्रलेखन. पोराला रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल तक्रार करायला सांगतात. ते बिचारं खरंच शाळेबाहेरचा खड्डा आठवून लिहितं, किती खोल आहे, कोण पडलं, पाणी कधीपासून साचलंय, आणि खाली स्वतःचं नाव टाकतं. तिथे लगेच हात धरा. नाव 'अ. ब. क.' लिहायचं, विषय अधोरेखित करायचा, 'आपला नम्र' विसरायचं नाही, खड्ड्याला एक ओळ पुष्कळ झाली. एवढं करूनही निकालाच्या दिवशी त्याने विचारलंच की खड्डा कधी बुजवणार, तर सांगा, तारीख आणि पत्ता जागच्या जागी होता त्याचा एक मार्क दिलाय की.