रेझोनेटर गिटारचा आवाज पत्र्यातून येत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या आणि गिटार शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. विषय रेझोनेटर गिटारचा, म्हणजे आत स्पीकरच्या पडद्यासारखे धातूचे पातळ कोन (शंकू) बसवलेल्या गिटारचा. मजकुराचं म्हणणं असं: मेटल बॉडीच्या रेझोनेटर गिटारचा आवाज तिच्या धातूतून येतो, जर्मन सिल्व्हरच्या गिटारमध्ये चांदी असते म्हणून ती सगळ्यांत गोड वाजते, तीन कोनांची गिटार तिप्पट मोठी वाजते, आणि पत्रा म्हटला की झणझण होणारच. हे वाचून पोरं खिशाला न परवडणारी गिटार शोधत बसतात. मला ते बघवत नाही.

चांदीचं लगेच मिटवू. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदी कणभरही नाही. जळगावच्या सराफ बाजारात कुठल्याही पेढीवर विचारा, उभ्या उभ्या सांगतील.

मुख्य दावा धातूचा. तार छेडली की तिची थरथर घोडीत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या भागात, उतरते आणि घोडी टेकलेली असते ॲल्युमिनियमच्या पातळ कोनावर. हवा हलवायचं काम प्रामुख्याने हा कोन करतो. बॉडी त्याला घट्ट धरते आणि आतली हवा कोंडते. स्पीकर नसलेल्या काळात बँडच्या गलक्यात गिटार ऐकूच येत नसे, म्हणून जॉन डोपेरा यांनी ही रचना केली आणि १९२७ मध्ये लॉस एंजेलिसच्या नॅशनल कंपनीने ती बाजारात आणली. त्याच कंपनीची ट्रायोलियन नावाची गिटार सुरुवातीला लाकडी बॉडीची होती. डोपेरा बाहेर पडले आणि भावांबरोबर डोब्रो नावाची गिटार काढली, तीही बहुतेक लाकडीच. तरी दोन्ही ऐकताक्षणी रेझोनेटर म्हणून ओळखू येतात. मग पत्रा कुठे गेला?

धातूचा काहीच परिणाम नाही, असं मी म्हणणार नाही. पत्र्याची जाडी, बॉडीतली हवेची जागा, आवाज बाहेर पडायची भोकं, सगळ्यांचा थोडाथोडा वाटा असतो. पण घोडीची रचना बदलली की आवाजाची जातच बदलते. नॅशनलच्या एका कोनाच्या गिटारमध्ये कोनाच्या टोकावर लाकडाची गोल चकती असते, तिला बिस्किट म्हणतात. आवाज तडक आणि ठसठशीत येतो, लवकर विझतो. डोब्रोत कोन वाटीसारखा उताणा आणि त्याच्या कडेवर कोळ्याच्या पायांसारखी धातूची घोडी. तिथे आस, म्हणजे तार छेडल्यावर मागे घुमत राहणारा आवाज, लांबते. तारांवर स्लाइडची नळी सरकवत एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेणाऱ्याला हा फरक पितळ की पोलाद यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो.

तिप्पट आवाजाचा हिशोब तर कागदावरच फसतो. ट्रायकोनचे, म्हणजे तीन कोनांच्या गिटारचे, कोन ६ इंची, एकट्या कोनाचा व्यास साडेनऊ इंच. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं: ३६ गुणिले ३ म्हणजे १०८, आणि साडेनऊचा वर्ग ९०.२५. फरक जेमतेम २० टक्के, शिवाय तारेचा जोर तिघांत वाटला जातो. ट्रायकोन घ्यावी ती तिच्या मऊ, लांब आसेसाठी.

राहिली झणझण. ती नशिबी आलेली नसते. कोन सहसा चिकटवलेला नसतो, आतल्या कडेवर टेकलेला असतो आणि तारांच्या दाबाने जागेवर राहतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो सरकू शकतो, मग कड एका बाजूला उचलली जाते आणि झणझण सुरू होते. नवी बॉडी शोधण्याआधी झाकणाचे स्क्रू आवळून बघा, तारा सैल करून कोन नीट बसवा आणि पुढच्या वेळी तारा एकेक करून बदला.